माहेरच्या सातबाऱ्यावर माझे नाव: हक्कसोडपत्रावर सही करावी का?

ओलीमाती

माझे वडील या वर्षी माघात गेले. सांगोला तालुक्यात आमची ६ एकर २० गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे. दोन एकरांत डाळिंब आहे, बाकीच्या रानात ज्वारी आणि मका होतो. आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी असे चार वारस आहोत.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. "अक्षय तृतीयेला दोघी या, आमरस करू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निबंधकाकडे जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या करून टाकू. आईही करणार आहे," असे तो सहज म्हणाला. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, आणि मला तेच जास्त लागले. येताना आंब्याची पेटी आण, असे सांगावे तसे त्याने हे सांगितले. थोरल्या बहिणीने लगेच होकार दिला. मी "बघते" म्हणाले, आणि तेवढ्यावरून घरात तीन दिवस अबोला आहे.

मला जमीन वाटून नको, बांध घालायचा नाही, डाळिंबाच्या पैशातला वाटाही नको. पण ज्या रानात मी दहावीपर्यंत खुरपले, त्याच्या कागदावर माझे नाव एक दिवससुद्धा लागू नये, याचे मनाला फार वाईट वाटते. येथील जाणत्यांनी सांगावे, सही करावी का? आणि न करता माहेर कसे टिकवावे?

रानवारा

सही करू नका. घाई नेहमी सही घेणाऱ्याला असते, देणाऱ्याला नसते.

शेतबांध

मी भाऊ आहे आणि शेती करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ताई, तुमचे दुःख खरे आहे, पण शेतावर राहिलेल्या भावाची अडचणही खरी आहे. माझ्या सातबाऱ्यावर तीन बहिणींची नावे आहेत. दर वर्षी पीककर्ज नवे करताना बँक सर्व सहखातेदारांचे संमतीपत्र मागते. एक बहीण ठाण्याला, एक इंदूरला आणि एक गावाजवळ. ऐन पेरणीच्या तोंडावर मी स्टॅम्पपेपर घेऊन फिरतो. विहिरीचे अनुदान, ठिबकचे अनुदान, प्रत्येक ठिकाणी सर्वांच्या सह्या लागतात. वडिलांच्या आजारपणात दोन वर्षे दवाखान्याच्या वाऱ्या मी केल्या, सोसायटीचे कर्ज मी फेडले. शिवाय तिन्ही बहिणींची लग्ने याच जमिनीने केली. तो खर्च त्यांचा वाटा नव्हता का? भाऊ हक्कसोडपत्र मागतो तेव्हा तो दर वेळी हावरट असतो, असे कृपया धरू नये.

दिवाणी_वकील

भावनांवर नंतर बोलू, आधी कायदा स्पष्ट करते, कारण या विषयात अर्धवट माहितीनेच बायकांचे सर्वाधिक नुकसान होते.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी वारस होती, पण वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखी जन्मतः सहदायाद, म्हणजे जन्मापासूनच हिस्सेदार, नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून मुलीला तो हक्क दिला, मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. म्हणजे एकाच घरात थोरलीला हक्क नाही आणि धाकटीला आहे, अशी स्थिती अनेक ठिकाणी निर्माण झाली. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद संपवला. त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले होते. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मोडीत काढले. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील कधी वारले यावर तो अवलंबून नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

ओलीमाती, तुमच्या घरी तशी जुनी वाटणी किंवा वडिलांचे मृत्युपत्र नसेल, तर आई, भाऊ आणि तुम्ही दोघी यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा येतो, म्हणजे १ एकर २५ गुंठे. हक्कसोडपत्र नोंदणीकृत झाले की ते सहज मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि सख्ख्या भावाविरुद्ध तसे सिद्ध करायला उभ्या राहणाऱ्या बहिणी मी माझ्या वकिलीत फार थोड्या पाहिल्या.

शेतबांध दादांच्या एका मुद्द्याला उत्तर देते. लग्नाचा खर्च हा वाटा नव्हे. तो पैसा मांडव, जेवणावळी आणि मानपानात जातो. त्यातून मुलीच्या नावावर काय उभे राहते? आणि भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कधी कोणी वजा केल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

निवृत्त_भाऊसाहेब

मी चौतीस वर्षे तलाठी म्हणून नोकरी केली. आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावासाठी आम्ही भाऊसाहेबच.

जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या नावांतील बदलाच्या नोंदी, वाचले तर हा भेदभाव किती शांतपणे कागदावर उतरत गेला ते दिसते. मयत खातेदाराच्या मुलग्यांची नावे भोगवटादार, म्हणजे जमिनीचे धारक, म्हणून वर लागत आणि मुलींची नावे 'इतर हक्क' या रकान्यात सरकत. कित्येक नोंदींत विधवेपुढे 'अन्नवस्त्राचा हक्क' असे लिहिलेले असे. काही ठिकाणी लेकीपुढे 'चोळीबांगडी' एवढेच. दुसऱ्या काही ठिकाणी थोरल्या भावाचे एकट्याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागे, आणि बाकी सारे घर त्या तीन अक्षरांच्या मागे नाहीसे होई. पुढची पिढी उतारा काढी तेव्हा आत्याचे नाव शोधूनही सापडत नसे.

मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत वारस विचारताना "मुले किती?" असे विचारी आणि सांगणारा फक्त मुलगे मोजी. एका म्हाताऱ्या आजींनी मला ओसरीवर सर्वांदेखत थांबवले. "भाऊसाहेब, मला पोरी पण हायत, त्या काय वाऱ्यावर आल्या?" असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी प्रश्न बदलला. "मुलगे किती आणि मुली किती, लग्न झालेल्या धरून," असे विचारू लागलो. एवढ्या एका वाक्याने माझ्या सज्जातील, म्हणजे माझ्याकडच्या गावांतील, वारसनोंदी बदलल्या, हे मी अभिमानाने सांगतो.

आता मुख्य मुद्दा. वारसनोंद आणि हक्कसोडपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसनोंदीसाठी कोणाच्याही सहीने हक्क सोडावा लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेला अर्ज दिला, की नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. २०२५ मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीम काढली तीही याचसाठी, की मयतांची नावे निघून खऱ्या वारसांची लागावीत. आधी चौघांची नावे लावून घ्या. सोडायचे की नाही, हे वर्षभराने शांत डोक्याने ठरवा.

दूरदेशी

मी २०११ साली सही केली. सुट्टीला आले होते, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी भावाने कार्यालयात नेले. पंचवीस मिनिटांत सर्व उरकले. मी कागद वाचलासुद्धा नाही, कारण वाचणे म्हणजे भावावर अविश्वास दाखवणे, असे मला तेव्हा वाटले. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो.

सहा वर्षांनी माझे लग्न मोडले. न्यू जर्सीत दोन मुलांना घेऊन भाड्याच्या घरात राहताना एकदा वाटले, की काही महिने माहेरी जाऊन राहावे. भावाने नाही म्हटले नाही. वहिनीनेही म्हटले नाही. पण ज्या खोलीत मी वाढले, तिथे मला "किती दिवस आहेस?" असे विचारले गेले. विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. तरी त्या घरातले माझे एकही वीट-दगड माझे उरले नव्हते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ म्हणूनच माझ्यावर आली. सही केली म्हणून माहेर टिकते, या समजुतीवर मी आता विश्वास ठेवत नाही. प्रेमाने टिकायचे असेल तर ते नाव असतानाही टिकेल.

शेतबांध

दूरदेशी ताई, वाचून वाईट वाटले. पण तुमच्या भावाने तुम्हाला घरात घेतले, हेही तुम्हीच लिहिले आहे. माझा प्रश्न अजून तसाच आहे. माझ्या तीन बहिणींपैकी एकीने उद्या तिचा हिस्सा तिऱ्हाइताला विकला, तर माझ्या विहिरीचे आणि वाटेचे काय? आणि बहिणीनंतर जमीन जावयाच्या घरी जाते, ही भीती खोटी आहे का?

दिवाणी_वकील

अर्धी खरी आहे. बहिणीला मुले असतील तर तिच्यामागे मुलांना आणि नवऱ्याला हिस्सा मिळतो, जसा तुमच्यामागे तुमच्या मुलांना आणि पत्नीला मिळेल. तिला मूलबाळ नसेल आणि तिने मृत्युपत्र केले नसेल, तर आईवडिलांकडून आलेली मालमत्ता हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार तिच्या वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे माहेरीच परत येते. विक्रीचेही तसेच आहे. वारसाहक्काने मिळालेला हिस्सा वारसाने विकायला काढला, तर इतर वारसांना तो विकत घेण्याचा अग्रक्रम मागता येतो.

त्याच कलमातला उरलेला अन्याय मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. विवाहित, अपत्यहीन बाईने स्वतःच्या कष्टाने कमावलेली मालमत्ता, नवरा आधीच गेला असेल तर, तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. पुरुषाच्या कमाईच्या बाबतीत त्याच्या सासरच्यांचा असा विचार कायदा कधीच करत नाही. म्हणून प्रत्येक कमावत्या बाईने मृत्युपत्र करून ठेवावे, असे मी माझ्या सर्व अशिलांना सांगते.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेने पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि मुलगा-मुलगी समान वारस असतात. आईवडिलांना मृत्युपत्राने फार तर अर्ध्या मालमत्तेची इच्छेप्रमाणे विल्हेवाट लावता येते, उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव असतो. कागदावर आमच्या बहिणींची स्थिती तुमच्यापेक्षा कितीतरी जुनी आणि भक्कम आहे.

तरी माझ्या दोन आत्यांनी दागिने घेऊन नोटरीसमोर हक्क सोडला, आणि माझ्या आजोबांना त्यात काही वावगे वाटले नाही. "पोरी दिल्या घरी सुखी आहेत," एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणून मला वाटते, केवळ कायदा आला की भेदभाव जात नाही. घरात तो विषय कोण काढतो, यावर बरेच अवलंबून असते. माझ्या पिढीत आम्ही तीन भावांनी ठरवून बहिणीला सांगितले, की तू सोडायला तयार असलीस तरी आम्ही घेणार नाही. हे भावांनी बोलले पाहिजे. बहिणीला मागायला लावणे हाच तिच्यावरचा पहिला अन्याय आहे.

पळसफुल

मी यवतमाळ जिल्ह्यात एकल महिलांबरोबर काम करते. इथे माहेरच्या हक्कावर चर्चा चालू आहे, ती योग्यच आहे. पण ओलीमाती ताईंच्या त्या साडेसहा एकरांत रोज पहाटे जाणारी एक बाई या धाग्यात अजून आलेली नाही. त्यांची वहिनी. डाळिंबाची छाटणी, फवारणीचे पाणी, मजुरांच्या भाकऱ्या, जनावरे, हे सारे तिच्या अंगावर असणार. तिचे नाव कुठे आहे?

आमच्याकडे नवऱ्याने आत्महत्या केलेल्या शेतकरी स्त्रिया भेटतात. जमीन सासऱ्याच्या नावावर असते, नवऱ्याच्या नावावर कधी आलेलीच नसते. मग मदतीच्या प्रस्तावात पहिला प्रश्न येतो की मयत शेतकरी होता का, आणि तो नसेल तर त्याची बायको कोण? वीस वर्षे कापूस वेचलेली बाई कागदावर शेतकरी ठरत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील वहिवाटीच्या खात्यांपैकी सुमारे १४ टक्केच खाती बायकांची होती, आणि शेतातले काम मात्र निम्म्याहून जास्त बायकाच करताना आम्ही रोज बघतो.

एका बैठकीत आम्ही बायकांना विचारले, तुमच्या शेताचा गट नंबर काय? चाळीस जणींपैकी तिघींना सांगता आला. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने उतारा आणायचा, एवढेच काम दिले. उतारा मागितल्यावर ज्या घरात भांडण झाले, त्या घरात नेमके काय दडले होते ते आपोआप कळले. भेदभावावर शंभर भाषणे देण्यापेक्षा बाईच्या हातात तिच्या घरचा उतारा देणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

जुनाजाणता

पळसफुल यांच्या पत्राने मला नाशिक जिल्ह्यातील चांदवडला नेले. नोव्हेंबर १९८६ मध्ये तेथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले होते, तेव्हा मी पंचविशीत होतो आणि पाण्याच्या टाक्या भरण्याचे काम माझ्याकडे होते. डोक्यावर पदर घेतलेल्या, कडेवर मुले घेतलेल्या बाया रात्रभर येत होत्या. त्यांच्या तोंडून मालमत्तेचा शब्द मी आयुष्यात प्रथमच ऐकला.

पुढे शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावावर करतील, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे त्यातले आरंभीचे गाव. सीतेला हक्काची जमीन असती तर तिच्यावर वनवासाची वेळ आली नसती, अशी मांडणी सभेत होई आणि म्हातारे शेतकरी डोळे पुसत. १९९२ मध्ये शासनानेही परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वेच्छेने अर्ज केला, तर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. मी स्वतः तसे केले. माझे वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि आईने मात्र त्या दिवशी शिरा केला.

ही तरतूद आजही आहे, आणि ती वापरणारे नवरे गावात मोजकेच. शेतबांध, तुमच्याबद्दल विचारतो, राग मानू नका. तुमच्या पत्नीचे नाव उताऱ्यावर आहे का?

शेतबांध

नाही, काका. दोन दिवस उत्तर लिहायला जमले नाही, कारण हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. ठिबकची सगळी वेळापत्रके तिच्या वहीत असतात, दुधाचा हिशोब तीच ठेवते. काल तिला विचारले, तर ती म्हणाली, "माझं नाव कशाला, तुमचं आहे ना." मग थोड्या वेळाने तिनेच विचारले, "पैसे लागतात का त्याला?"

बहिणींच्या बाबतीत माझी अडचण अजून आहेच, ती मी मागे घेत नाही. संमतीपत्रांचा जाच ज्याला सोसावा लागतो त्यालाच कळतो. पण पत्नीच्या बाबतीत माझ्याकडे कारण नाही.

निवृत्त_भाऊसाहेब

शेतबांध, संमतीपत्राचा जाच कमी करता येतो. बहिणींकडून पीककर्ज आणि अनुदानांपुरते मर्यादित मुखत्यारपत्र करून घ्या. त्यात विक्रीचा आणि गहाणखताचा अधिकार नाही, असे स्पष्ट लिहा. त्यामुळे त्याही निर्धास्त राहतील. मात्र तुमच्या शाखेला ते चालेल का, ते आधी विचारून घ्या. नावे सामाईक राहिली म्हणून जमिनीचे तुकडे पडत नाहीत. तुकडे पडतात ते वाटपाने, आणि त्यावर तुकडेबंदी कायद्याचा लगाम आहेच.

ओलीमाती

सर्वांचे मनापासून आभार. अक्षय तृतीयेला गेले होते.

जेवणे झाल्यावर मी विषय काढला. हात थरथरत होते, हे खोटे नाही. मी भावाला म्हटले, की तुझ्याकडून मला एक गुंठाही तोडून नको, पण सही करणार नाही. कर्जासाठी जे मुखत्यारपत्र लागेल ते उद्याच देते. तो चिडला. वडिलांच्या फवारणीच्या कर्जाची वही त्याने समोर टाकली. मी ती पहिल्यांदाच पाहिली आणि १ लाख ४० हजारांचा तो आकडा मला माहीत नव्हता, याची मला लाज वाटली. त्यातला माझा चतुर्थांश, ३५ हजार, मी भरेन असे सांगितले. हक्क मागायचा तर त्या वहीतही माझे नाव असले पाहिजे, हे येथे शेतबांध दादांमुळे सुचले.

नंतर पळसफुल यांचा प्रश्न विचारला. "आईने का सोडायचे? आणि वहिनीचे काय?" वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती काही बोलली नाही, पण भांडी घासण्याचा आवाज थांबला. मग आईच बोलली. ती म्हणाली, "मी ह्या घरात आले तवा ह्या रानात एक झाड नव्हतं. मी न्हाई सोडायची." आईला हे आजवर कोणीच विचारले नव्हते. आई सही करणार, असे भावाने गृहीत धरले होते, आणि मीही धरले होते.

हक्कसोडपत्र झाले नाही. थोरल्या बहिणीचे मन अजून सोडण्याकडेच आहे, आणि तो तिचा निर्णय असेल. निदान तो आता फोनवर ठरलेला नसेल. वारसनोंदीचा अर्ज चौघांच्या नावाने दिला आहे. भाऊ माझ्याशी मोजकेच बोलतो. एसटी स्टँडवर सोडायला मात्र आला, आणि डाळिंबाची पिशवी गाडीत ठेवताना, "मुखत्यारपत्राचा मसुदा पाठव," एवढे म्हणाला.

शेतबांध

ताई, त्या वहीच्या वाक्यासाठी तुम्हाला नमस्कार. तो मसुदा मलाही पाठवाल का? माझ्या इंदूरच्या बहिणीशी बोलणे झाले आहे.

निवृत्त_भाऊसाहेब

दोघांसाठी एक सूचना. अर्जात बहिणींची नावे आधार कार्डावर आहेत तशीच, सासरच्या आडनावासह द्या आणि कंसात माहेरचे नाव लिहा, नाहीतर पुढे ओळख पटवताना त्रास होतो. फेरफार मंजूर झाल्यावर तेवढ्यावर समाधान मानू नका. नवा उतारा काढून आईचे आणि लेकींचे नाव भोगवटादाराच्या रकान्यात आले आहे ना, की 'इतर हक्क' मध्ये गेले आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. चुकले असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.